उतरवून ठेवायचं चित्र : जुनं जपानी काकेजिकू घरी लावताना

क्योतोच्या तोजी देवळाच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला जुना बाजार भरतो. किमोनो, चिनी मातीच्या बशा, गंजलेल्या कात्र्या, लोणच्याच्या बरण्या, आणि मध्येच एखाद्या टपरीपाशी प्लास्टिकच्या बादलीत उसाच्या मोळीसारख्या उभ्या करून ठेवलेल्या कागदी गुंडाळ्या. एकेक सोडून बघावी तर कुठे बांबूवर बसलेली चिमणी निघते, कुठे धबधबा, कुठे नुसतीच चार अक्षरं. यातल्या काहींची किंमत त्याच गल्लीतल्या दोन वाडगे नूडल्सपेक्षा जास्त नसते. यांनाच काकेजिकू म्हणतात. 'काके' म्हणजे टांगणं, 'जिकू' म्हणजे दांडी.

माझं पहिलं काकेजिकू मी असंच बादलीतून उचललं. काळ्या शाईतली सहा ठसठशीत अक्षरं, बाकी काही नाही. मला ती झोकदार वाटली म्हणून जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर लावली. महिन्याभराने एक जपानी परिचित जेवायला आले, भिंतीकडे बघून थबकले आणि आवाज खाली आणून विचारते झाले, "घरात कुणी गेलं का?" ती अक्षरं होती 'नामु आमिदा बुत्सु', म्हणजे 'नमो अमिताभ बुद्ध'. जपानी घरात ही गुंडाळी साधारणपणे श्राद्धाला, पितरांच्या ओबोन सणाला किंवा वर्षातून दोनदा येणाऱ्या हिगानच्या दिवसांत बाहेर निघते. मी वरण-भाताच्या मागे श्राद्ध मांडून बसलो होतो.

त्या फजितीतून पहिल्यांदा लक्षात आलं, की या चित्राला दिवस-वार असतात. ते केव्हा लावायचं हे ठरलेलं असतं, आणि केव्हा उतरवायचं हेही. पुढे हळूहळू कळलं, की त्याचा कागद, कापड, खळ, दांडी, पेटी हे सगळंच उतरवून गुंडाळता यावं याच हिशेबाने बनवलेलं असतं. घरसजावटीसाठी जुनं काकेजिकू घेणारे बहुतेक जण इथेच चुकतात. खिळा ठोकतात, टांगतात आणि विसरतात. वर्षभरात कडा वळतात, रंग उडतात, आणि मग "जुनाच माल होता" म्हणून विकणाऱ्याला बोल लावला जातो.

देव्हाऱ्यातून दिवाणखान्यात

टांगायच्या गुंडाळ्या जपानमध्ये चीनमधून बौद्ध धर्माबरोबर आल्या. सुरुवातीला त्या पूजेच्याच होत्या. भिक्षू गावोगाव हिंडणार, तर बुद्धाची तसबीर गुंडाळून नेता आली पाहिजे. ज्यांनी तिबेटी थांका पाहिला आहे त्यांना हे नातं लगेच कळेल. मुरोमाची काळात (१३३६–१५७३) मोठ्या घरांत भिंतीवर अशी गुंडाळी टांगून तिच्यापुढे एका जाड फळीवर तीन वस्तू मांडायची रीत होती : धूपपात्र, मेणबत्तीची ठाणवई आणि फुलदाणी. उदबत्ती, समई, फुलं. आपल्याला काही वेगळं सांगायला नको.

त्या फळीचाच पुढे तोकोनोमा झाला. दिवाणखान्यातला हा एक उथळ कोनाडा, जमिनीपासून थोडा उंच, ज्यात एक काकेजिकू आणि एक फुलदाणी एवढंच असतं. त्यात कुणी बसत नाही, सामान ठेवत नाही. मुख्य पाहुण्याला बसवतात ते त्याच्याकडे पाठ करून. म्हणजे ज्याच्या मानाखातर चित्र लावलं, त्याला ते आत येताना वाकून पाहून घ्यावं लागतं, मग नाही.

सोळाव्या शतकात चहाच्या समारंभाला शिस्त लावणारा सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याच्या नावावर एक वचन सांगितलं जातं, की चहाच्या साऱ्या सामानात काकेजिकूइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. म्हणजे लाखांची वाटी राहिली बाजूला. त्या चहाघरांत रंगीत चित्रांपेक्षा झेन गुरूंच्या हस्ताक्षराला मान होता.

आज तोजीच्या बादल्या भरलेल्या आहेत त्याचं कारणही हा कोनाडाच. नव्या जपानी फ्लॅटमध्ये तोकोनोमा नसतो. आजोबा गेले की त्यांच्या माळ्यावरच्या दहा-वीस गुंडाळ्यांचं काय करायचं हे नातवंडांना समजत नाही, आणि त्या बाजारात येतात.

काठ, पदर आणि गव्हाचा चीक

काकेजिकूची रचना समजायला साडी डोळ्यांपुढे आणा. मधला चित्राचा भाग, होन्शी, कागदावर किंवा रेशमावर रंगवलेला असतो. त्याच्या लगेच वर आणि खाली एक अरुंद पट्टी असते, इचिमोंजी. तिच्यासाठी सगळ्यात उंची कापड, बहुतेकदा सोन्याच्या जरीचं किनखाप, राखून ठेवलेलं असतं. त्याभोवती दुसऱ्या कापडाची चौकट आणि मग सगळ्यांत वर 'तेन', म्हणजे आकाश, व तळाला 'ची', म्हणजे पृथ्वी. आकाश पृथ्वीच्या जवळजवळ दुप्पट लांब असतं. टेबल-खुर्चीवाल्या माणसाला हे प्रमाण बिघडलेलं वाटतं. पण जमिनीवर तातामीच्या चटईवर बसून बघा, चित्र बरोबर नजरेच्या वाटेवर येतं.

वरून दोन अरुंद पट्ट्या लोंबतात, त्या फूताई. चीनमध्ये उघड्या मंडपात टांगलेल्या चित्रांवर पाकोळ्या येऊन बसू नयेत म्हणून वाऱ्यावर हलणाऱ्या या पट्ट्या लावत, असं म्हणतात. आता त्या नुसत्या शोभेच्या आहेत. वर अर्धगोल काठी, खाली गोल दांडी, दांडीच्या दोन टोकांना लाकडाच्या, लाखेच्या, चिनी मातीच्या किंवा हाडाच्या बोंड्या. गुंडाळताना धरायचं ते याच बोंड्यांना. दांडीच्या वजनानेच चित्र सरळ लोंबतं.

खरी गंमत मात्र मागच्या बाजूला आहे. रेशीम किंवा पातळ कागद नुसता टांगला तर आठवड्यात चुरगळेल, म्हणून त्याला मागून कागदाची अस्तरं लावतात. पहिलं अस्तर मिनो भागातल्या पातळ पण चिवट हातकागदाचं. मग नारा प्रांतातल्या योशिनोचा मऊ मिसू कागद, ज्याच्या लगद्यात शिंपल्याची पूड घातलेली असते. शेवटी तिथलाच उदा कागद, ज्यात पांढरी माती असते. तीन-चार थर झाले, आणि तरी सगळं मिळून कापडासारखं गुंडाळलं गेलं पाहिजे. कसं जमवणार?

उत्तर खळीत आहे. कुरडया करताना गहू भिजवून, वाटून, चोथा टाकून आपण जो चीक काढतो आणि शिजवतो, जवळजवळ तीच ही खळ. पहिल्या अस्तराला ती ताजी वापरतात. पुढच्या अस्तरांसाठी मात्र कडाक्याच्या थंडीत शिजवलेली खळ मडक्यांत भरून, झाकण बंद करून, थंड अंधाऱ्या जागी दहाएक वर्षं ठेवून देतात. वर बुरशी धरते, ती काढून टाकतात. आत उरते ती फुरुनोरी, 'जुनी खळ', जिचा चिकटपणा जवळजवळ संपलेला असतो. चिकट नसलेली खळ मुद्दाम दहा वर्षं सांभाळायची, हे ऐकून मी दोनदा विचारलं होतं. पण कारण साधं आहे. पक्की खळ वाळली की पुठ्ठा होतो, आणि पुठ्ठा गुंडाळला की मोडतो. कमकुवत खळ थरांना एकमेकांवर जरासं सरकू देते.

मग थर सुटून का येत नाहीत? कारण कारागीर, त्याला ह्योगुशी म्हणतात, ओल्या अस्तरावर जड ब्रशने एकसारखे ठोके देत जातो. वरच्या कागदाचे धागे खालच्या कागदाच्या धाग्यांत अडकतात. खळ कमी पडते तिथे ही गुंतागुंत काम करते. मग सगळं कच्च्या टेंभुर्णीसारख्या जपानी काकी फळाच्या तुरट रसाने माखलेल्या मोठ्या फळीवर ताणून चिकटवतात आणि शक्य तर दमट आणि कोरडी अशी दोन्ही हवा त्याला खाऊ देतात. शेवटी पाठीवर मेण आणि काचेच्या मण्यांची माळ घासून ती गुळगुळीत करतात, म्हणजे गुंडाळताना पाठ चित्राच्या तोंडाला खरवडणार नाही.

कमी चिकट खळीचा आणखी एक फायदा दोन-तीन पिढ्यांनंतर होतो. कापड विरलं, अस्तर पिवळं पडलं की ह्योगुशी पाण्याने सगळं सोडवून चित्र मोकळं करतो आणि नवी अस्तरं, नवं कापड चढवतो. चित्र तेच राहतं, अंगावरची वस्त्रं बदलतात. म्हणूनच तीनशे वर्षांचं चित्र साठ वर्षांच्या किनखापात सापडणं यात खोटेपणा काही नाही.

वस्त्रं बदलल्याची सर्वांत गाजलेली गोष्ट १९१९ ची. छत्तीस कवींची चित्रं असलेल्या, साताके घराण्याच्या दोन लांबलचक आडव्या गुंडाळ्या विक्रीला आल्या. किंमत इतकी, की एकट्याला घेणं कुणालाच झेपेना. तेव्हा मासुदा ताकाशी या उद्योगपतीने तोक्योतल्या आपल्या घरी धनवान रसिकांना जमवलं, गुंडाळ्या कापून सदतीस तुकडे केले आणि चिठ्ठ्या टाकून वाटले. सगळ्यांना हव्या होत्या त्या कवयित्री. खुद्द मासुदाच्या वाट्याला आला एक भिक्षू, आणि तो इतका रुसून बसला की शेवटी एक राजस्त्री त्याला बदलून द्यावी लागली, असं सांगतात. पुढे प्रत्येक मालकाने आपल्या तुकड्याला आपल्या आवडीची किनखापं लावून काकेजिकू करून घेतलं. २०१९ मध्ये क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यातले ३१ तुकडे एकत्र मांडले होते. एका आईची लेकरं, पण प्रत्येकाचे कपडे वेगळ्या शिंप्याचे.

भिंत, उजेड, ऋतू

आता आपल्या घरातली भिंत. तोकोनोमा नसला तरी चालतं. त्याचे गुण असलेली जागा शोधायची : थेट ऊन न येणारी, फोडणीचा धूर न पोचणारी, एसीचा झोत न लागणारी, आणि आजूबाजूला रिकामी. शेजारी फॅमिली फोटो, घड्याळ आणि कॅलेंडर असेल तर काकेजिकूही कॅलेंडरच दिसतं. खाली बुटकं टेबल आणि त्यावर एखादं फूल चालेल, पण चित्रात जे फूल आहे ते नको. चित्रात आलुबुखाराचा बहर असताना खाली खरी फांदी ठेवली तर दोघांपैकी एकाचा अपमान होतो.

लांबीचा अंदाज आधी घ्या. नेहमीच्या उभ्या आकाराचं तयार काकेजिकू साधारण ५४ सेंटीमीटर रुंद आणि १९० सेंटीमीटर लांब असतं. सोफ्याच्या वर ते मावत नाही, त्याला पुरी भिंत लागते. जपानी माणसं टांगायला याहाझू नावाची, टोकाला खाच असलेली बांबूची काठी वापरतात. एका हातात काठीने दोरी उचलायची, दुसऱ्या हातात गुंडाळी धरायची, दोरी खिळ्यात अडकली की हळूहळू खाली सोडत जायचं. पंख्याने चित्र हलत असेल तर दांडीच्या टोकांना अडकवायची फूचिन नावाची वजनं मिळतात. ती सणापुरती ठीक, कायमची लावली तर कापड ओढलं जातं.

किती दिवस लावायचं? दोन-चार आठवडे, फार तर एक ऋतू. जपानमध्ये राष्ट्रीय ठेवा ठरलेली कागदावरची आणि रेशमावरची चित्रं संग्रहालयांनीही वर्षाकाठी साठेक दिवसांपलीकडे मांडू नयेत असा दंडक आहे. शाई काजळीची, ती टिकते. पण वनस्पतीचे रंग उजेडाने उडतात आणि रेशीम तपकिरी होत ठिसूळ होतं.

ही अडचण वाटेल, पण जपानी घराने तिचंच सुख करून घेतलं. नववर्षाला क्रौंच, पाइन किंवा उगवता सूर्य, फेब्रुवारीत आलुबुखार, मार्चमध्ये बाहुल्यांचा सण, मे महिन्यात मुलग्यांच्या सणाला प्रवाहाविरुद्ध चढणारा कार्प मासा, उकाड्यात धबधबा, शरदात चंद्र आणि गवत, मग बर्फाचा डोंगर. ऋतूच्या थोडं पुढे राहायची पद्धत आहे. चेरीचं चित्र झाडावर कळ्या असताना लावतात, बाहेर खरा बहर आला की उतरवतात. फुजी पर्वत किंवा बांबू-चिमणी मात्र केव्हाही चालतात, म्हणून एकच घ्यायचं असेल तर तसलं घ्या. हिशेब आपल्या हवेचा धरलात तरी कुणी रागावणार नाही. धबधबा जपानमध्ये जुलै-ऑगस्टचा, आपल्याकडे त्याची खरी गरज एप्रिलमध्ये असते.

घेताना

पहिली पारख भिंगाची. रंगाच्या जागी बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर छापील प्रत आहे. छापील वाईट असं नाही, पण किंमत त्याप्रमाणे द्यावी. ठिपके न दिसणाऱ्या छपाईच्या पद्धतीही आहेत, तेव्हा शाई कागदात कशी झिरपली आहे, एका फटकाऱ्यात कुठे दाट कुठे विरळ आहे हे बघायची सवय लावावी लागते. जाहिरातीत 'मोशा' लिहिलं असेल तर ती हाताने केलेली नक्कल, 'देन' असेल तर 'अमुकाचं म्हणतात' एवढाच अर्थ.

सहीवर भाळू नका. मारुयामा ओक्यो, योकोयामा ताइकान अशा नावांच्या नकला उदंड आहेत. ताइकानचा विषय निघालाच म्हणून सांगतो, हा चित्रकार १९०३ मध्ये मित्र हिशिदा शुन्सोबरोबर कलकत्त्याला आला होता, आणि अवनींद्रनाथ ठाकुरांच्या चित्रांतले ते धुक्यासारखे विरघळणारे रंग त्या भेटीतून आले. पुढे आराई कांपो हा दुसरा जपानी चित्रकार १९१६ मध्ये ठाकुर घराण्याकडे आला आणि आपल्या अजिंठ्याला मुक्काम ठोकून तिथल्या भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करत बसला. बादलीत यांपैकी कुणाचं चित्र सापडणार नाही. अनोळखी हाताची, पण जीव असलेली चिमणी सापडेल, आणि ती खोट्या ताइकानपेक्षा कधीही चांगली.

पूर्ण सोडून दाखवल्याशिवाय घेऊ नका. आडव्या कडक घड्या पडल्या असतील तर त्या घरी इस्त्री करून जात नाहीत, कृपा करून प्रयत्नही नको. भोकं बघा. गुंडाळलेल्या स्थितीत किडा आरपार गेलेला असतो, त्यामुळे एकच भोक ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा दिसतं. आणि बोंड्या हस्तिदंताच्या असतील तर सरळ सोडून द्या. हस्तिदंत भारतात आणणं कायद्याने बंद आहे.

पेटी आहे का हेही विचारा. किरी नावाच्या हलक्या लाकडाची ती असते, आणि झाकणावर खुद्द चित्रकाराने विषय लिहून सही केली असेल तर तिला तोमोबाको म्हणतात. अशी पेटी असली की किंमत चढते. लबाडीही तिथेच होते, कारण जुनी पेटी एकाची आणि आतली गुंडाळी दुसऱ्याची हा जोड कुणीही लावू शकतं. किरीचं लाकूड दमट हवेत फुगून फटी बंद करतं. तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात युआनवू या चिनी झेन गुरूचं ११२४ मधलं हस्ताक्षर आहे. किरीच्या नळकांड्यात बंद होऊन ते समुद्रातून वाहत जपानच्या दक्षिण किनाऱ्याला लागलं अशी आख्यायिका आहे, म्हणून त्याचं नावच 'वाहत आलेला एंगो' (एंगो म्हणजे युआनवूचाच जपानी उच्चार). आख्यायिका खरी असो-नसो, त्या लाकडावरचा भरवसा तिच्यात दिसतो.

पावसाळा

जपानलाही पावसाळा आहे, पण तो जेमतेम दीड महिन्याचा. कोकणातले किंवा मुंबईतले चार महिने या खळीला मानवत नाहीत. कागदाचे थर वेगवेगळ्या प्रमाणात ओल पितात आणि कडा आत वळायला लागतात. शिवाय गव्हाचा चीक हे कसरीचं आवडतं खाणं. म्हणून मे अखेरीस, हवा कोरडी असतानाच, उतरवा. सकाळी ओल असते, दुपार बरी. हात धुऊन कोरडे करा, चित्राच्या भागाला बोट लावू नका. बोंड्या धरून खालून वर सरळ गुंडाळत जा. वळकटीसारखं आवळायचं नाही, आणि तिरकं गेलं तर कड दाबून सरळ करायची नाही, थोडं सोडून पुन्हा घ्यायचं. शेवटी फूताईच्या पट्ट्या त्यांच्या जुन्या घडीवर दुमडून आत सरकवायच्या, दोरीखाली कागदाची पट्टी ठेवायची म्हणजे कापडावर वळ उठत नाही, आणि सैल वेढे द्यायचे. दगड कुटून केलेले जाड रंग असतील तर दांडीवर फुतोमाकी नावाची लाकडी नळी बसवून गुंडाळी जाड करतात, म्हणजे रंगाला कमी वाकावं लागतं.

पेटीत जपानी लोक चंदन, लवंग, कापूर अशा वासाच्या पुड्या ठेवतात. आपल्या घरात हे सगळं असतंच. पुडी कागदात बांधून पेटीच्या कोपऱ्यात ठेवा, चित्राला टेकू देऊ नका. डांबरगोळ्या आणि कापूर एकत्र मात्र नको, दोन्ही मिळून ओलसर होतात आणि डाग पडतात. पेटी लोखंडी कपाटाच्या तळाशी किंवा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवण्यापेक्षा आतल्या खोलीत, उंचावर.

दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की पेटी उघडा. नारातल्या शोसोइन या बाराशे वर्षांहून जुन्या भांडाराचे दरवाजेही वर्षातून एकदा, शरद ऋतूतच उघडतात. दोन-तीन तास सावलीत टांगा आणि टॉर्चचा उजेड बाजूने, भिंतीला समांतर पाडून पाठ तपासा. बारीक भुकटी किंवा नवं भोक दिसलं तर त्या गुंडाळीची पेटी बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, आणि अस्तर स्वतः चिकटवायला फेव्हिकॉल हातात घेऊ नका.